वाळवंटातलं काँक्रीटचं अंगण आणि त्यावरचा संरक्षक लेप : विज्ञान, भूगोल आणि गणिताचा एक जोडपाठ



वाळवंट, प्रसरण, उष्णतेचे शोषण, प्रकाशाचे परावर्तन, पदार्थांचे गुणधर्म हे घटक आपण पाचवी ते आठवीपर्यंत वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. मुलांच्या डोक्यातही ते वेगवेगळ्या खणांत जाऊन बसतात. एका खणातलं दुसऱ्या खणात जातच नाही. म्हणून आज एकच साधी वस्तू घेऊ आणि हे सगळे घटक तिच्यातच शोधू. ती वस्तू म्हणजे काँक्रीटचं अंगण. आपल्याकडे आपण त्याला कोबा म्हणतो, अमेरिकेत घरामागच्या अशा मोकळ्या फरसबंद जागेला पॅटिओ म्हणतात.

जागा मात्र मुद्दाम कडक उन्हाची निवडली आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर. कारण जिथे ऊन सगळ्यात निष्ठुर असतं, तिथे कोणता पदार्थ टिकतो आणि का टिकतो हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. शिवाय या पाठात एक प्रश्न लपलेला आहे, तो शेवटपर्यंत सोबत ठेवा : जो लेप काँक्रीटला वाचवतो, तो आपल्या पायालाही वाचवतो का?

## १. आधी जागा समजून घेऊ

फिनिक्स हे सोनोरन वाळवंटातलं मोठं शहर. वर्षाचा पाऊस सरासरी १८ सेंटिमीटरच्या आसपास. २६ जून १९९० रोजी तिथे ५० अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो तिथला उच्चांक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात, ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस पारा रोज ४३.३ अंशांवर किंवा त्याहून वर गेला. त्याच काळात, १९ जुलैला, रात्रीचं किमान तापमानसुद्धा ३६ अंशांच्या खाली उतरलं नाही. रात्रीसुद्धा गारवा नाही, हे मुलांना जरूर सांगा, कारण त्याचा आणि काँक्रीटचा थेट संबंध आहे. दिवसभर उष्णता पिऊन बसलेले रस्ते, भिंती आणि अंगणं ती रात्रभर सोडत राहतात.

नकाशावर फिनिक्स दाखवा. मग विचारा, "तिथे हिवाळ्यात बर्फ पडून काँक्रीट फुटत असेल का?" थंड देशांत काँक्रीटच्या छिद्रांत पाणी गोठतं, फुगतं आणि पृष्ठभागाच्या खपल्या निघतात. फिनिक्समध्ये हा त्रास जवळजवळ नाही. म्हणजे प्रत्येक हवामानात काँक्रीटचे शत्रू वेगळे. शत्रू वेगळे, तर ढालही वेगळी हवी. लेप निवडण्याचा पहिला नियम इथेच मिळतो.

## २. काँक्रीट दिसतं तसं भरीव नसतं

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. "काँक्रीट वाळलं" असं आपण म्हणतो, पण खरं तर ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणूनच गवंडीकाका नव्या कोब्यावर रोज पाणी मारायला सांगतात. या क्रियेत जे जादा पाणी वापरलं जात नाही ते हळूहळू उडून जातं आणि मागे केसाहून बारीक वाटा राहतात. या वाटांनी पाणी, तेल, क्षार आत जातात आणि जमिनीतली ओल वर येते.

वाळवंटात या पहिल्या टप्प्यातच घात होतो. हवा कोरडी, ऊन कडक, त्यात वारा. नव्या काँक्रीटच्या वरच्या थरातलं पाणी भराभर उडतं, वरचा थर आकसतो आणि ओलं असतानाच त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून फिनिक्समध्ये उन्हाळ्यात काँक्रीट ओतण्याचं काम पहाटे किंवा रात्री करतात. त्यानंतर ओल धरून ठेवण्याची काळजी घेतात. पुढे कितीही भारी लेप लावला तरी या भेगा भरून निघत नाहीत. पाया कच्चा राहिला की वरचं पॉलिश काय कामाचं, हे आपण शिक्षकांना वेगळं सांगायला नको!

## ३. वाळवंटात काँक्रीटचे शत्रू कोण?

फळ्यावर ही यादी मुलांकडूनच काढून घ्या. साधारण पाच गोष्टी निघतील.

ऊन. उन्हातले अतिनील किरण दगड-सिमेंटचं फारसं काही वाकडं करत नाहीत. पण काँक्रीटवर लावलेला लेप बहुधा प्लास्टिकच्या जातीचा असतो आणि अतिनील किरण त्याच्या रेणूंचे बंध तोडतात. मुलांना उदाहरण द्या : गच्चीवर उन्हात राहिलेली प्लास्टिकची बादली काही दिवसांनी फिकट होते आणि मग एक दिवस उचलताना कडकन फुटते. लेपाचंही तेच होतं.

तापणं आणि निवणं. १ मीटर लांबीचं काँक्रीट १०० अंशांनी तापलं तर साधारण १ मिलिमीटर वाढतं. आता गणित घाला : ३ मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर किती वाढेल? ३ × ०.४ = १.२ मिलिमीटर. दिसायला किरकोळ आहे, पण हे रोज घडतं. वाढायला जागा नसेल तर काँक्रीट स्वतःच जागा करून घेतं, म्हणजे तडकतं. म्हणून अंगणात ठरावीक अंतरावर मुद्दाम खाचा पाडतात. १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याला साधारण अडीच ते तीन मीटरवर खाच आणि तिची खोली जाडीच्या पाव भाग, म्हणजे अडीच सेंटिमीटर. भेग पडायचीच असेल तर ती या सरळ रेषेत पडावी, अशी ही योजना.

क्षार. वाळवंटातल्या मातीत आणि पाण्यात क्षार जास्त. झाडांना घातलेलं पाणी कोब्याच्या खालून क्षार विरघळवतं, वर येतं, उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे ठेवतं. आपल्याकडे ओल्या भिंतीवर खार फुटतो, तोच हा प्रकार.

धूळ. ॲरिझोनात पावसाळ्याच्या तोंडाला धुळीची प्रचंड वादळं येतात. त्यांना हबूब म्हणतात, हा शब्द मूळ अरबी आहे. बारीक धूळ लेपावर बसते आणि चालताना पॉलिश कागदासारखी घासते.

अचानक पाऊस. तिथला मान्सूनचा काळ १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. पाऊस थोडा, पण एकदम कोसळणारा. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की ती झपकन निवते आणि गुळगुळीत लेप असेल तर घसरगुंडी होते.

## ४. लेपांचे प्रकार

"संरक्षक लेप" हे एक नाव नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. मुलांसाठी मी दोन घराणी करते : आत मुरणारे आणि वर बसणारे. डोक्याला लावलेलं तेल मुरतं आणि नखाला लावलेलं नेलपॉलिश वर बसतं. एवढं सांगितलं की पोरं प्रकार ओळखायला लागतात.

(अ) आत मुरणारे पाणीरोधक. सिलेन आणि सिलॉक्झेन या जातीची द्रव्यं. ती छिद्रांच्या आतल्या भिंतींना चिकटतात आणि पाणी आत शिरू देत नाहीत. छिद्रं मात्र बुजत नाहीत, त्यामुळे खालची वाफ बाहेर पडू शकते. वर थर नसल्यामुळे पोपडे निघायचा प्रश्नच नाही. रंग-रूप जवळपास तसंच राहतं. चकाकी नको आणि टिकाऊपणा हवा असेल, तर वाळवंटातल्या अंगणासाठी हा शहाणा पर्याय. पण यानं काँक्रीट थंड होत नाही, हे लक्षात ठेवा.

(आ) आत मुरून घट्ट करणारे. सोडियम किंवा लिथियम सिलिकेट. सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग होऊन आतल्या आत आणखी घट्ट पदार्थ तयार होतो. ज्या कोब्यावरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, त्याला याचा उपयोग. हे पाणी अडवण्यासाठी नाही, पृष्ठभाग मजबूत करण्यासाठी.

(इ) ॲक्रिलिक. वर पातळ थर देणारा, स्वस्त आणि लावायला सोपा. ऊन बऱ्यापैकी सोसतो. पण थर पातळ, त्यामुळे झिजतो आणि दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. खूप तापल्यावर थोडा मऊही पडतो.

(ई) इपॉक्सी. काँक्रीटला घट्ट चिकटणारा, कडक, डाग न धरणारा. घरातल्या किंवा कारखान्याच्या जमिनीवर उत्तम. उन्हात मात्र नेहमीचा इपॉक्सी पिवळा पडतो आणि त्याची भुकटी होऊ लागते. दुकानातला चकचकीत नमुना बघून उघड्या अंगणात इपॉक्सी लावणारे इथेच फसतात.

(उ) पॉलियुरेथेन आणि पॉलिअस्पार्टिक. यांतल्या ऊन सोसणाऱ्या जाती उघड्यावर रंग टिकवतात. पॉलिअस्पार्टिक फार लवकर घट्ट होतो. थंड हवेत ही सोय, पण कडक उन्हात हीच अडचण, कारण पसरवायच्या आत तो आवळू लागतो. महाग आहेत आणि सवयीच्या कारागिराचंच काम आहे.

(ऊ) सिमेंटचा खरबरीत, फिकट थर. सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर यांचं मिश्रण जुन्या कोब्यावर फवारतात आणि थापीनं हलकंसं दाबतात. पोहण्याच्या तलावाभोवती अनवाणी चालता यावं म्हणून ॲरिझोनात हा प्रकार खूप वापरतात. तिथे सर्रास 'कूल डेक' असंच म्हणतात. फिकट रंग, आणि उंच-सखल पोत असल्यामुळे तळव्याचा सगळा भाग एकदम टेकत नाही.

## ५. आता मुख्य प्रश्न : पायाचं काय?

वरची यादी पुन्हा बघा. पहिले पाचही लेप काँक्रीटला काही ना काही मदत करतात. पायाचा विचार करून बनवलेला मात्र शेवटचा एकच. म्हणजे काँक्रीट टिकवणं आणि तळवा न भाजणं ही दोन वेगळी कामं आहेत. गडद तपकिरी, चकचकीत लेप काँक्रीटला वर्षानुवर्षं जपेल, आणि त्याच लेपावर दुपारी दोन वाजता अनवाणी धावत गेलेलं तीन वर्षांचं मूल भाजून निघेल.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. फिनिक्समधल्या ॲरिझोना बर्न सेंटर या जळीत उपचार केंद्रात दर उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीनं भाजलेले रुग्ण येतात. त्यांत लहान मुलं असतात, चक्कर येऊन पडलेली आणि उठू न शकलेली वयस्क माणसं असतात, पायाला संवेदना कमी असलेले मधुमेही असतात. भर उन्हाळ्यातल्या दुपारी तिथलं डांबर ७० अंशांच्या आसपास जातं. काँक्रीट त्याहून काहीसं कमी, तरी ५५-६० अंश सहज गाठतं. लहान मुलाची त्वचा पातळ असते, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर भाजते.

हे का होतं, ते गणितानं बघू. निरभ्र दुपारी १ चौरस मीटर जागेवर उन्हातून सुमारे १००० वॅट इतकी शक्ती पडते. एका इस्त्रीइतकी म्हणा ना! आता प्रत्येक रंग त्यातलं किती परत फेकतो ते बघा. आकडे ढोबळ आहेत, पण तुलनेला पुरेसे :

- गडद तपकिरी लेप : सुमारे १५ टक्के परत, ८५० वॅट पोटात
- जुनं राखाडी काँक्रीट : सुमारे ३० टक्के परत, ७०० वॅट पोटात
- फिकट बदामी लेप : सुमारे ५० टक्के परत, ५०० वॅट पोटात
- स्वच्छ पांढरा लेप : सुमारे ७५ टक्के परत, २५० वॅट पोटात

२० चौरस मीटरचं अंगण घ्या. राखाडी काँक्रीट १४,००० वॅट पिणार, म्हणजे १४ इस्त्र्या एकदम चालू! पांढरा लेप दिला तर ५,००० वॅट, म्हणजे ५ इस्त्र्या. यातली काही उष्णता हवेत जाते, काही जमिनीत उतरते, त्यामुळे तापमान याच प्रमाणात कमी होत नाही. पण दिशा कळते. शेकडेवारीचा धडा इतका गरम कधी झाला नसेल!

दुसरा मुद्दा पदार्थाचा. उन्हात लाकडी पाट आणि लोखंडी तवा शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही सारखेच तापले असं समजू. चटका कोणाचा जास्त? तव्याचा. कारण लोखंड आपली उष्णता त्वचेला झटकन देतं, लाकूड हळूहळू देतं. काँक्रीट या दोघांच्या मधे. म्हणून नुसतं तापमान बघून भागत नाही, तळव्याला उष्णता किती वेगानं मिळते तेही बघावं लागतं. खरबरीत थराचा फायदा इथे होतो : टेकणारा भाग कमी, म्हणून चटकाही कमी.

## ६. मग सगळं पांढरं करून टाकावं का?

मुलं लगेच म्हणतील, "मॅडम, पांढरा रंग मारा, प्रश्न मिटला!" इथे थोडं थांबा. चांगल्या पाठात उत्तर मिळाल्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : परत फेकलेलं ऊन जातं कुठे?

फिनिक्स महापालिकेनं २०२० मध्ये काही वस्त्यांतल्या डांबरी रस्त्यांवर फिकट, परावर्तक लेप द्यायला सुरुवात केली आणि ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मोजमाप केलं. दुपारच्या वेळी लेप दिलेल्या रस्त्याचा पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा सरासरी सुमारे ६ अंश सेल्सिअसनं कमी तापला. छान! पण त्याच दुपारी त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पडणारी परावर्तित उष्णता थोडी वाढली. म्हणजे रस्ता निवला, पण रस्त्यावरून उसळलेलं ऊन माणसाला लागलं.

अंगणाचंही तसंच. पांढऱ्याशुभ्र फरशीवरून ऊन डोळ्यांवर येतं, शेजारच्या काचेच्या दारातून घरात शिरतं. शिवाय धुळीनं पांढरं काही महिन्यांत मळकट होतं आणि परावर्तन घटतं. म्हणून तिथे बहुतेक वेळा मधला मार्ग घेतात : बदामी, वाळूचा, फिकट राखाडी असा रंग, चकाकी नसलेला.

आणि सगळ्यात जुना, सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सावली. मांडव, झाड, ताडपत्री, काहीही. सावलीत ऊन काँक्रीटपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे शोषण आणि परावर्तन हे दोन्ही प्रश्न एकदमच कमी होतात. लेपाचं आयुष्यही वाढतं. आधी सावली, मग रंग, मग लेपाची जात, या क्रमानं विचार केला तर पैसेही वाचतात.

## ७. लेप कसा लावतात आणि 'का' तसाच लावतात

इथे कृतीपेक्षा कारणं महत्त्वाची. प्रत्येक पायरीला मुलांना "का?" विचारू द्या.

१. नवं काँक्रीट साधारण २८ दिवस मुरू देतात. का? तोवर आतली क्रिया आणि जादा पाणी बाहेर पडणं चालू असतं.

२. ओल तपासतात. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारी कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवतात. आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं तर खालून ओल येते आहे. अशा जागी वर बसणारा लेप दिला की वाफ अडते, फुगे येतात आणि पोपडे निघतात.

३. थेंब टाकून बघतात. पाण्याचा थेंब मुरला तर लेप धरेल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर आधीचा लेप किंवा तेल शिल्लक आहे.

४. घासून स्वच्छ करतात. गुळगुळीत पृष्ठभागावर लेप धरत नाही. मशिननं घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हवंच. काही जण आम्ल वापरतात. पालकांनो, आम्लाचे काम चालू असताना मुलांना आसपास फिरकू देऊ नका. आणि आम्ल व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. वेळ निवडतात. बहुतेक लेपांच्या डब्यावर साधारण १० ते ३२ अंशांची मर्यादा छापलेली असते. फिनिक्सच्या उन्हाळ्यात ती पाळणं कठीण, म्हणून ही कामं तिथे शक्यतो हिवाळ्याच्या आसपासच्या महिन्यांत काढतात. आणखी एक गंमत : सकाळी काँक्रीट तापत जातं तशी छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे करते. संध्याकाळी काँक्रीट निवत असतं, हवा आत आकसते, बुडबुडे कमी येतात. आठवीच्या मुलांना वायूचं प्रसरण यापेक्षा चांगलं कुठे दाखवणार?

६. पातळ दोन हात देतात. एकच जाड हात दिला तर वरची साय आधी धरते आणि खालचं ओलं अडकतं. दूध तापवणाऱ्या घरात हे उदाहरण लगेच कळतं. चकचकीत लेप असेल तर शेवटच्या हातात बारीक कण मिसळतात, म्हणजे पाय घसरत नाही.

## ८. वर्गात करायचे उपक्रम

उपक्रम १ : कोणती फरशी जास्त तापली? एकसारखे चार सिमेंटचे तुकडे किंवा मातीची कौलं घ्या. एक तसंच ठेवा, एकावर चुना, एकावर काजळीचं पाणी आणि एकावर पिवळी माती द्या. सकाळी ११ ते दुपारी १ उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासानं तापमान घ्या. भिंतीवरचा साधा तापमापकही टेकवून चालतो, फक्त प्रत्येक वेळी सारखाच वेळ टेकवा. पाचवा तुकडा सावलीत ठेवा. रेषालेख काढून घ्या.

उपक्रम २ : थेंबाची शर्यत. वीट, कौल, सिमेंटचा तुकडा, मेण चोळलेलं कौल, रंगवलेली फरशी. प्रत्येकावर एक थेंब. कोण किती सेकंदांत पाणी पितो? सच्छिद्रता हा शब्द यानंतर सांगा, आधी नाही.

उपक्रम ३ : ओलीचा शोध. शाळेच्या कोब्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवून दुसऱ्या दिवशी बघा. नळाजवळ एक आणि कोरड्या कोपऱ्यात एक लावला तर फरक दिसेल.

उपक्रम ४ : भेगांचा नकाशा. शाळेच्या अंगणाचा आराखडा काढा, भेगा आणि खाचा वेगवेगळ्या रंगांत दाखवा. जिथे खाचा नाहीत तिथे भेगा जास्त आहेत का, हे मुलांनी स्वतः शोधावं.

खबरदारी : उन्हातला उपक्रम १५-२० मिनिटांच्या फेऱ्यांत करा, मोजणारा गट बदलत ठेवा, पायात चप्पल आणि जवळ पाणी असू द्या. रसायनं वर्गात आणू नका.

## ९. आपल्या अंगणाकडे बघताना

आपण वाळवंटात राहत नाही. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत मातीची अंगणं जाऊन कोबा आणि पेव्हर ब्लॉक आले. चिखल गेला, ही सोयच झाली. पण उन्हाळ्यात पोषण आहाराच्या वेळी हात धुवायला नळापर्यंत अनवाणी पळणारी मुलं आपण रोज बघतो. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत किंवा घरी रंगाचा विषय निघाला, तर हे चार प्रश्न जरूर विचारा :

- या जागेवर मुलं अनवाणी चालणार आहेत का?
- लेप उघड्या उन्हासाठी आहे की घरातल्या जमिनीसाठी?
- रंग फिकट आहे का, आणि ओला झाल्यावर घसरडा होतो का?
- याच पैशात सावली करता येईल का?

दुपारी मुलांना सोडण्यापूर्वी मोठ्या माणसानं हाताची मागची बाजू फरशीवर टेकवून बघावी. सात सेकंद ठेवता येत नसेल तर अनवाणी जाऊ देऊ नका. आणि चुकून कुणाचा तळवा भाजलाच, तर साध्या थंड वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आले असतील किंवा मूल अगदी लहान असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

## स्वाध्याय

१. इपॉक्सी लेप घरातल्या जमिनीवर टिकतो, उघड्या अंगणात का टिकत नाही?

२. ५ मीटर लांबीचा काँक्रीटचा तुकडा ३० अंशांनी तापला तर साधारण किती मिलिमीटर वाढेल? (उत्तर : १.५)

३. १५ चौरस मीटरच्या अंगणाचं गडद लेपाऐवजी फिकट बदामी लेपानं किती वॅट शोषण कमी होईल? (उत्तर : ५,२५०)

४. आत मुरणाऱ्या लेपाचे पोपडे का निघत नाहीत?

५. विचार करा : तुमच्या गावातल्या एका उघड्या जागेवर सावली करायला ५,००० रुपये मिळाले तर ती नेमकी कुठे कराल? का? घरच्यांशी बोलून दहा ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, त्यामुळे गुण देताना मुलानं दिलेलं कारण बघा. उपक्रम १ चे आकडे तुमच्या शाळेत काय आले, ते जिल्ह्याच्या नावासह जरूर कळवा. कोकण, मराठवाडा आणि विदर्भ यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मुलांना भूगोलाचा आणखी एक पाठ आयता मिळेल.